फॉक्सग्लोव्ह: मात्रेवर ठरणारे औषध
इंग्लंडच्या बागांत जांभळ्या घंटाकार फुलांचे उंच तुरे मिरवणाऱ्या फॉक्सग्लोव्ह या वनस्पतीची पाने अंगात पाणी साचून येणाऱ्या सुजेवर गुणकारी ठरतात, हे विल्यम विदरिंग या वैद्याने १७८५ साली ग्रंथरूपाने मांडले. मात्र घरगुती काढ्यांत ती आधीपासूनच असल्याने त्याचे खरे श्रेय शोधापेक्षा मात्रेच्या शिस्तीला द्यावे लागते. तिच्यातील ग्लायकोसाइडे, म्हणजे शर्करेशी जोडलेली संयुगे, हृदयपेशींतून सोडियम बाहेर टाकणारी यंत्रणा रोखतात, त्यामुळे पेशींत कॅल्शियम वाढून आकुंचन जोरकस होते. पण मात्रा थोडी जास्त झाली तरी मळमळ, पिवळसर दिसणे आणि ठोक्यांची प्राणघातक अनियमितता उद्भवू शकते. तिच्या जवळच्या एका जातीपासून १९३० साली वेगळे केलेले डिगॉक्सिन आजही काटेकोर देखरेखीखाली दिले जाते. महाराष्ट्रातील कण्हेरही अशाच संयुगांमुळे विषारी असते.