दुबईची गाडी कुणाच्या नावावर?



आज ज्या गाडीबद्दल बोलायचं आहे, ती आपल्यापैकी बहुतेकींनी फक्त मोबाइलवरच्या फोटोत पाहिलेली असते. नवरा, मुलगा, दीर नाहीतर जावई दुबईला. पांढऱ्या गाडीला टेकून काढलेला त्याचा फोटो, आणि खाली 'कशी आहे?' असा प्रश्न. रत्नागिरी, रायगड, सिंधुदुर्गात तर हा फोटो कितीतरी घरांत येतो. गाडी तिकडे असते, पण तिचे पैसे पुष्कळदा इकडून जातात. कुणी गटातून कर्ज काढते, कुणी पाटल्या गहाण ठेवते. म्हणून परदेशात राहणारा आपला माणूस तिथे गाडी कशी घेतो आणि ती त्याच्या नावावर कशी होते, हे घरच्या बाईला ठाऊक असायला हवं. मी दुबईचं उदाहरण घेते. सौदी, कुवेत, ओमान इथले नियम वेगवेगळे आहेत, तिथल्यांनी तिथले विचारून घ्यावेत.

पहिला प्रश्न सगळ्याच विचारतात. परक्या देशात आपल्या माणसाला गाडी घेता येते का? येते. पण नुसता फिरायला गेलेला माणूस तिथे राहणाऱ्यासारखी स्वतःच्या नावावर गाडी घेऊन वापरू शकत नाही. त्यासाठी राहण्याचा व्हिसा लागतो आणि त्यावर मिळणारं ओळखपत्र लागतं, त्याला तिथे एमिरेट्स आयडी म्हणतात. हा व्हिसा बहुतेकांचा नोकरीवर असतो. म्हणजे बघा, गाडी उभी आहे ओळखपत्रावर, ओळखपत्र उभं आहे व्हिशावर, आणि व्हिसा उभा आहे नोकरीवर. नोकरी हलली की सगळी उतरंड हलते. हे एवढं डोक्यात ठेवा, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे.

दुसरी गोष्ट परवान्याची. आपल्या आरटीओचा परवाना दाखवून तिथला परवाना सरळ बदलून मिळत नाही. इथे वीस वर्षं टेम्पो चालवलेला माणूससुद्धा तिथे शाळेत नाव घालतो, नियमांची परीक्षा देतो, मग पार्किंगची, मग रस्त्यावरची. तिथे गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात आणि स्टिअरिंग डाव्या हाताला असतं, त्यामुळे हाताची सवयच बदलावी लागते. नापास झालं की पुन्हा तास, पुन्हा फी. सगळा खर्च काही हजार दिरहम होतो. गाडीचा हिशेब करताना हा खर्च बरेचजण धरतच नाहीत. एक दिरहम म्हणजे पंचविसाच्या आसपास रुपये धरा, म्हणजे अंदाज येईल.

आता नोंदणी. आपल्याकडे आरटीओ, तसं दुबईत आरटीए आहे. तिथे गाडी ठेवणाऱ्या प्रत्येकाची एक ट्रॅफिक फाइल असते. गाडी, दंड, नंबर, सगळं त्या फाइलवर चढतं. आणि गाडीचं जे कार्ड मिळतं, म्हणजे आपलं आरसी बुक, त्याला मुल्किया म्हणतात. शब्द परका वाटला तरी तो आपला नातेवाईकच आहे. मालक आणि मालकी हे आपले शब्दही अरबीतल्या त्याच मुळातून आलेले आहेत. सौदीत त्याच कागदाला इस्तिमारा म्हणतात.

आपल्याकडे खासगी गाडीची नोंदणी एकदा झाली की पंधरा वर्षं बघावं लागत नाही. मुल्किया मात्र दरवर्षी नवी करावी लागते. त्यासाठी तीन गोष्टी लागतात. चालू विमा हवा. गाडी तीन वर्षांपेक्षा जुनी असेल तर तपासणी केंद्रावर नेऊन पास करून आणायला हवी. आणि गाडीवर साठलेला सगळा दंड भरलेला हवा. दंड बाकी असेल तर मुल्किया होत नाही. विमा तेरा महिन्यांचा असतो. बारा महिने मुल्कियाचे आणि वर एक महिना नूतनीकरणाला सवलतीचा. हा तेरावा महिना गाडी फिरवण्यासाठी फुकट मिळालाय असं समजणारे लोक असतात, आणि मग दंड भरतात.

आता मुख्य मुद्द्यावर येते. फोनवर तुम्हाला पहिल्यांदा सांगितलं जातं, 'गाडी घेतोय.' तुम्ही पहिल्यांदा विचारायचं, 'नाव कुणाचं?'

खोलीतल्या एखाद्या मित्राकडे परवाना आहे, पण बँक त्याला कर्ज देत नाही, किंवा त्याच्या फाइलवर आधीच पुष्कळ दंड आहे. तो म्हणतो, तुझ्या नावावर घे, हप्ता मी भरतो. आपला माणूस भिडस्त. एका गावचा, एका ताटात जेवलेला, नाही कसं म्हणायचं? गाडी त्याच्या नावावर होते आणि चालवतो दुसराच. कॅमेऱ्यात गाडीचा नंबर दिसतो, मित्र दिसत नाही. वेगाचा दंड, पार्किंगचा दंड, सगळं आपल्या माणसाच्या फाइलवर. रस्त्यावर सालिक नावाच्या टोलच्या कमानी आहेत. काचेला चिकटवलेल्या पट्टीतून पैसे आपोआप कापले जातात, कुणी थांबवून मागत नाही. २०२५ पासून गर्दीच्या वेळी एका कमानीला ६ दिरहम, एरवी ४, आणि रात्री एक ते पहाटे सहा काही नाही. रोज दोन कमानी जाताना आणि दोन येताना ओलांडल्या तर महिन्याचा आकडा तुम्हीच काढा. तोही ज्याच्या नावावर गाडी, त्याच्याच खात्यातून. मित्राने हप्ता थकवला तर बँक मित्राला ओळखतच नाही.

अपघात झाला तर प्रकरण आणखी अवघड. तिथल्या कायद्यात अपघातात माणूस दगावला तर त्याच्या वारसांना 'दिया' द्यावी लागते. ती २ लाख दिरहम आहे. विमा नीट असेल आणि चालवणाऱ्याकडे परवाना असेल तर कंपनी भरते. परवाना नसलेल्याच्या हातात चावी दिलेली असेल तर कंपनी भरलेले पैसे उलट वसूल करायला येऊ शकते.

आणि एक मोह. 'गाडी घेतो, कामावर जाताना चार माणसं सोडतो, हप्ता निघतो.' आपल्याकडे वडापची सवय असल्याने यात काही गैर वाटत नाही. पण तिथे परवानगीशिवाय पैसे घेऊन माणसं नेणं गुन्हा आहे. दंड मोठा आहे आणि गाडीही जप्त होते. हप्ता असा निघणार असेल तर तो निघणार नाही असंच धरा.

आता पैशांचं बोलू, कारण आपला हात इथेच धरला जातो. तिथल्या मध्यवर्ती बँकेचा २०११ पासूनचा नियम आहे, की गाडीच्या किमतीच्या ८० टक्क्यांपेक्षा जास्त कर्ज द्यायचं नाही आणि ते जास्तीत जास्त ६० महिन्यांत फेडायचं. सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून पगाराच्या निम्म्यावर जाता कामा नयेत. समजा, गाडी ४० हजार दिरहमची आहे. त्यातले २० टक्के, म्हणजे ८ हजार दिरहम स्वतःचे घालावे लागतात. आपल्या पैशात ते २ लाख रुपये होतात. हेच ते २ लाख, जे गावाकडे मागितले जातात.

गटातून हे पैसे काढले आणि गटाचं व्याज महिन्याला दोन टक्के असेल, तर पहिल्या महिन्याचं नुसतं व्याजच चार हजार. तिकडे बँकेचा हप्ता, इकडे गटाचा हप्ता, आणि दोन्ही एकाच पगारातून. माझं मत स्पष्ट आहे. कामाला गाडी लागतच असेल, म्हणजे सेल्समन आहे, साइटवर फिरायचं आहे, तर गोष्ट वेगळी. तेव्हाही आधी कंपनी गाडी देते का ते विचारावं. पण हौसेच्या गाडीसाठी गटाचं कर्ज काढू नये. सुरुवातीचे २० टक्के त्याच्या पगारातून शिलकीत पडेपर्यंत त्याला थांबू द्या. दुबईत मेट्रो आहे, बस आहे.

कर्जाच्या गाडीची नोंद बँकेकडे तारण म्हणून होते. कर्ज फिटून बँकेचं पत्र मिळाल्याशिवाय ती विकता येत नाही. आणि 'नाही जमलं तर येईन निघून' हे वाक्य ऐकलंत तर सावध व्हा. थकलेल्या कर्जासाठी बँक कोर्टात गेली तर देश सोडायला बंदी येऊ शकते, म्हणजे विमानतळावरूनच माघारी. बरं, निसटून आलाच, तरी पूर्वी वाटायचं तसं आता सुटत नाही. १७ जानेवारी २०२० रोजी आपल्या सरकारने अधिसूचना काढली. तेव्हापासून अमिरातीच्या दिवाणी कोर्टाचा निकाल अंमलबजावणीसाठी आपल्या जिल्हा न्यायालयात आणता येतो. त्याच्या नावावरची जमीन, घर हे त्या वसुलीच्या वाटेत येतं. गाडी दुबईत आणि नोटीस दापोलीत, असं होऊ शकतं.

जुनी गाडी घ्यायची तर ती स्वस्त का आहे हे आधी विचारायचं. परदेशात ठोकलेल्या, पाण्यात बुडालेल्या गाड्या तिथे आणून, रंगवून, चकचकीत करून विकल्या जातात. १६ एप्रिल २०२४ ला दुबईत ७५ वर्षांतला सर्वांत मोठा पाऊस पडला आणि कितीतरी गाड्या पाण्याखाली गेल्या. त्यातल्या काही दुरुस्त होऊन बाजारात आल्या नसतील असं कोण म्हणेल? चटई उचलून वास घ्यावा, सीटखालच्या लोखंडाला गंज आहे का ते पाहावं, आणि पैसे देण्याआधी तपासणी केंद्रावर पूर्ण तपासणी करून घ्यावी. जुन्या मालकाचं कर्ज आणि दंड बाकी नाही ना, हे पाहूनच व्यवहार करायचा. घेणाऱ्याने आधी स्वतःच्या नावाने विमा काढायचा आणि मग गाडी नावावर करायची. नाव बदलण्याआधी रस्त्यावर कुणाच्या हातात रोख रक्कम देऊ नये, मग तो कितीही मराठी बोलत असो.

त्याच पावसाने विम्याचाही धडा दिला. विमा दोन प्रकारचा. एक फक्त समोरच्याचं नुकसान भरून देतो, तो स्वस्त असतो. दुसरा आपल्याही गाडीचं भरतो. ज्यांनी स्वस्तातला काढला होता, त्यांना आपल्या बुडालेल्या गाडीचं काही मिळालं नाही, आणि हप्ता मात्र सुरूच राहिला. महागडा विमा असला तरी पुराचं नुकसान त्यात धरलंय का, हे कागदावर वाचून घ्यावं लागतं.

एक गंमत सांगते. आपल्याकडे नंबर गाडीबरोबर जातो. दुबईत गाडी विकली तरी मालक नंबर स्वतःकडे ठेवू शकतो. म्हणून तिथे नंबरांचे लिलाव होतात. एप्रिल २०२३ मध्ये 'पी ७' हा नंबर ५ कोटी ५० लाख दिरहमला गेला. नुसता नंबर बरं का, गाडी वेगळी. ते पैसे अन्नदानाच्या कामाला दिले गेले.

आता पुढचं. नोकरी संपली किंवा त्याने कायमचं यायचं ठरवलं, तर व्हिसा रद्द होण्याआधीच गाडी विकून, नाव बदलून, कर्जाचं पत्र घेऊन मोकळं व्हायचं. शेवटच्या आठवड्यात विकायला काढलेल्या गाडीला भाव मिळत नाही, घेणाऱ्याला घाई कळते. आणि 'तिकडची गाडी जहाजाने घेऊन येतो' असं कुणी म्हणालं तर हसून सोडून द्या. वापरलेली गाडी भारतात आणायची तर स्टिअरिंग उजव्या हाताला लागतं, दुबईच्या गाडीचं डाव्या हाताला. वर भारी आयात शुल्क आहेच.

तिकडे सोबत राहणाऱ्या बहिणींसाठी एक सांगते. तुमचं स्वतःचं ओळखपत्र आणि परवाना असेल तर गाडी तुमच्या नावावर होऊ शकते, नवऱ्याच्याच नावावर हवी असं काही नाही.

गावात राहणाऱ्यांनी घरात ठेवायचे कागद थोडेच आहेत: मुल्कियाच्या दोन्ही बाजूंचा फोटो, विम्याचा कागद, कर्ज असेल तर बँकेचा करार. देव न करो, त्याला काही झालं, तर ती गाडीही त्याच्या मालमत्तेत मोजली जाते. ती कुठे आहे, कुणाकडे आहे, किती फिटली आहे, हे वारसाला कागदाशिवाय कळणार कसं? दुबईतल्या भारतीय वकिलातीकडून मदत मिळते, पण तिथेही पहिल्यांदा कागदच विचारतात.

आणि तो दोन महिन्यांच्या सुट्टीवर यायला निघाला असेल, तेव्हा आठवण करा. दुबईत रस्त्यावर धुळीने माखलेली गाडी सोडून दिली तर ५०० दिरहम दंड आहे, म्हणजे आपले बारा-साडेबारा हजार. गाडी कोण पुसणार, चावी कुणाकडे, आणि मुल्किया किती तारखेपर्यंत आहे, हे त्याने सामान बांधण्याआधीच विचारून घ्या.