शेवटचे दहा फूट

तोफखान्यातून वेगळं होऊन आर्मी एव्हिएशन कोअर 1 नोव्हेंबर 1986 रोजी उभं राहिलं आणि 2003 मध्ये नाशिक रोडला गांधीनगरच्या धावपट्टीवर लष्कराची वैमानिक शाळा सुरू झाली. तिथून बाहेर पडलेल्यांच्या सियाचिनमधल्या फेऱ्यांबद्दल आपण कौतुकानं वाचत आलो. शिकताना हेलिकॉप्टर जमिनीवर आपटतं, त्या 'हार्ड लँडिंग'बद्दल मात्र क्वचितच बोललं गेलं.

इंजिन बंद पडलं असं धरून उतरण्याचा सराव म्हणजे ऑटोरोटेशन. डाव्या हातातला कलेक्टिव्ह क्षणात खाली करायचा, म्हणजे खालून येणारी हवा पाती फिरती ठेवते. जमीन जवळ आली की उजव्या हातातला दांडा, म्हणजे सायक्लिक, मागे घेऊन वेग मोडायचा, हेलिकॉप्टर सपाट करायचं आणि पात्यांत उरलेली ताकद कलेक्टिव्ह ओढून एकदाच खर्च करायची. लवकर ओढला तर हेलिकॉप्टर दहा-पंधरा फुटांवर लटकतं आणि धाडकन खाली येतं. उशीर झाला तर तसंच आपटतं. चूक सुधारायला दुसरी संधी नाही.

तरीही ही विद्या किती भरवशाची आहे, ते 21 जून 1972 ला फ्रान्समध्ये दिसलं. ज्याँ बुले यांनी लामा हेलिकॉप्टर 12,442 मीटर उंचीवर नेलं, तिथं इंजिन विझलं, पुन्हा सुरू झालंच नाही, तरी बुले सुखरूप उतरले. आपल्या लष्कराचं चीता हेलिकॉप्टर म्हणजे हाच लामा, हिंदुस्तान एरोनॉटिक्सनं परवान्यावर बांधलेला.

आपल्या मुलखात या सरावाला उन्हाचीही भर पडते. नगर शहर समुद्रसपाटीपासून साधारण 650 मीटर उंच. मे महिन्यात पारा 40 अंशांवर गेला की हवा इतकी विरळ होते, की हेलिकॉप्टरच्या लेखी आपण 1,700 मीटरच्या आसपास असतो. म्हणजे अकोले तालुक्यातल्या 1,646 मीटरच्या कळसूबाई शिखराहूनही वर! सकाळी सातला सहज जमलेलं उतरणं दुपारी जड जातं, ते यामुळे.

आपटल्यावरही धोका संपत नाही. लष्कराच्या चीता आणि चेतक हेलिकॉप्टरांना तीन-तीन पाती, बिजागरीवर पुढंमागं हलणारी. एकच बाजू आधी टेकली तर पात्यांमधलं अंतर बिघडतं, हादरे वाढत जातात आणि काही सेकंदांत हेलिकॉप्टर मोडूही शकतं. याला ग्राउंड रेझोनन्स म्हणतात. पात्यांचे फेरे पुरेसे असतील तर तत्काळ पुन्हा वर उचलायचं, नसतील तर सगळं बंद करायचं. शिकाऊ मुलाला हा निर्णय घाबरलेल्या अवस्थेत घ्यावा लागतो.

पुढं काय बदललं? सिम्युलेटर आले. नागरी प्रशिक्षणात बहुतेकदा जमिनीला न टेकता, शेवटी इंजिनची ताकद परत घेऊन सराव संपवतात. अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनानं 2013 मध्ये खास ऑटोरोटेशनच्या प्रशिक्षणासाठी मार्गदर्शिका काढली. हे सारं योग्यच, पण शेवटचे दहा फूट कधी अनुभवलेच नाहीत तर खऱ्या प्रसंगी हात कुठून वळणार? टेकेपर्यंतचा सराव सोडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. तो चांगल्या यंत्रावर व्हावा, एवढंच. 2015 मध्ये लष्करी वैमानिकांच्या पत्नींनी जुनी चीता-चेतक थांबवण्याची मागणी संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांच्याकडे केली होती. 25 मे 2022 रोजी कॅप्टन अभिलाषा बराक याच नाशिकच्या शाळेतून लष्कराच्या पहिल्या महिला लढाऊ हेलिकॉप्टर वैमानिक म्हणून बाहेर पडल्या, तेव्हाही ती यंत्रं सेवेत होतीच.

नव्या हेलिकॉप्टरांची वाट पाहताना एक गोष्ट आजच करता येईल. हार्ड लँडिंगनंतर स्किडच्या आडव्या नळ्या, शेपटीचा दांडा, गिअरबॉक्सचे आधार तपासावे लागतात, आणि वैमानिकानं सांगितलं तरच तपासणी होते. स्वतःहून नोंद करणाऱ्या शिकाऊ वैमानिकाचे गुण कुणी कापू नयेत, ही प्रत्येक प्रशिक्षकाला विनंती.