कॉन्ट्रास्टची सुई घेण्यापूर्वी
लखनौत रायबरेली रोडवरची संजय गांधी पदव्युत्तर आयुर्विज्ञान संस्था असो, १९११ साली कॉलेज म्हणून सुरू झालेले किंग जॉर्ज वैद्यकीय विद्यापीठ असो की मुंबईचे केईएम, सीटीच्या दारात संमतिपत्र पुढे येते आणि आपण न वाचता सही ठोकतो. निदान त्यातले प्रश्न तरी वाचावेत.

सीटीचे कॉन्ट्रास्ट औषध आयोडीनयुक्त असते, एमआरआयचे गॅडोलिनियमचे. दोन्ही मुख्यतः मूत्रपिंडांवाटे बाहेर पडतात, म्हणून आधी रक्तातले क्रिएटिनिन पाहतात. त्यावरून काढलेला ईजीएफआर (मूत्रपिंडांच्या गाळण्याच्या क्षमतेचा अंदाज) ३०च्या खाली असेल, तर कॉन्ट्रास्ट खरोखर हवेच का, याचा डॉक्टर पुन्हा विचार करतात. अशा मधुमेहींची मेटफॉर्मिन सीटीच्या वेळी थांबवून ४८ तासांनी, मूत्रपिंडे तपासूनच सुरू करतात. मूत्रपिंडे ठीक असतील तर ती सहसा थांबवावी लागत नाही. पण हे आपले आपण ठरवू नये.

‘मासे सोसत नाहीत, मग आयोडीन कसे चालेल?’ ही समजूत चुकीची. माशांची अ‍ॅलर्जी त्यांतल्या प्रथिनांची असते. पूर्वी कॉन्ट्रास्टचाच त्रास झाला असेल, तर ती खरी धोक्याची खूण.

सुईनंतर अंगभर ऊब पसरते, लघवी झाल्यासारखे वाटते, ते क्षणभरच. गांधी उठल्या, घसा आवळला किंवा दम लागला, तर लगेच ओरडून सांगा. गंभीर प्रतिक्रिया बहुधा पहिल्या अर्ध्या तासातच येते, तेवढा वेळ रुग्णालयातच थांबा. आणि जुने रिपोर्ट घरी विसरू नका.