नाताळच्या दिवशी दिसलेल्या पट्ट्या

मागच्या व्याख्यानानंतर एका आईंनी आम्हाला गाठलं. त्यांची मुलगी पेशीजीवशास्त्रात पीएच.डी. करते, चौथं वर्ष चालू आहे. "एकाच एन्झाइमवर काम करते म्हणते. एका एन्झाइमला इतकी वर्षं लागतात का हो?" आम्ही हसून वेळ मारून नेली. घरी आल्यावर ते आम्हालाच बरं वाटलं नाही. म्हणून आज एका खऱ्या पीएच.डी.ची गोष्ट सांगतो.

१९८४ साल, कॅलिफोर्नियातलं बर्कली. कॅरल ग्रायडर तेव्हा २३ वर्षांची होती. डिस्लेक्सियामुळे प्रवेशपरीक्षेत गुण कमी पडले होते, मुलाखतीला दोनच विद्यापीठांनी बोलावलं. बर्कली त्यातलं एक. तिथे ती एलिझाबेथ ब्लॅकबर्न यांच्या प्रयोगशाळेत आली.

प्रश्न काय होता ते आधी पाहू. पेशी दुभंगण्याआधी डीएनएची नक्कल होते. नक्कल करणाऱ्या एन्झाइमला कोऱ्या जागेवरून सुरुवात करता येत नाही. आधी एक छोटा तुकडा लागतो, त्याच्यापुढे ते अक्षरं जोडत जातं. हा तुकडा नंतर काढून टाकला जातो. मधल्या अशा रिकाम्या जागा भरून निघतात, पण अगदी टोकाची जागा भरायला मागे आधारच उरत नाही. म्हणजे दर वेळी टोक थोडं झिजणार. मग पिढ्यान्‌पिढ्या हे चालू असताना गुणसूत्रं संपून कशी गेली नाहीत?

ब्लॅकबर्न यांचं काम टेट्राहायमेना या गोड्या पाण्यातल्या एकपेशीय जिवावर होतं. त्याच्या डीएनएच्या टोकांवर टी टी जी जी जी जी ही सहा अक्षरं पुन्हा पुन्हा येतात, हे त्यांनी आधीच दाखवलं होतं. हाच जीव का? माणसाच्या पेशीत ४६ गुणसूत्रं, म्हणजे ९२ टोकं. याच्या एका पेशीत हजारो. जी वस्तू शोधायची ती जिथे ढिगानं आहे तिथे जावं, साधा व्यवहार आहे.

ही सहा अक्षरं जोडणारं स्वतंत्र एन्झाइम असेल का? असेलच अशी खात्री कुणालाही नव्हती. सगळी वर्षं घालवून "नाही" एवढंच उत्तर मिळण्याची शक्यता होती, आणि तरी ग्रायडरनं हाच विषय घेतला.

पेशी फोडून काढलेला अर्क घ्यायचा, त्यात डीएनएचा तुकडा आणि किरणोत्सर्गी अक्षरं घालायची, मग जेलवर लांबीप्रमाणे तुकडे वेगळे करून एक्स-रे फिल्मवर पाहायचे. महिनोन्‌महिने काही स्पष्ट दिसेना. मग मोठ्या तुकड्यांऐवजी कृत्रिमरीत्या बनवलेला छोटा तुकडा भरपूर प्रमाणात वापरला. २५ डिसेंबरला, नाताळच्या सुट्टीत, ती फिल्म पाहायला गेली. फिल्मवर शिडीसारख्या पट्ट्या होत्या, आणि प्रत्येक पायरी सहा अक्षरांची!

वर्तमानपत्रातली गोष्ट इथे संपते. पीएच.डी. मात्र इथून सुरू होते. कारण तशी शिडी दुसऱ्या कारणानंही दिसू शकते. अर्कात नेहमीचं नक्कल करणारं एन्झाइम असतंच, जिवाचा स्वतःचा डीएनएही असतो. तेच त्याची नक्कल करत असेल तर? पुढचे कित्येक महिने ग्रायडर आणि ब्लॅकबर्न यांनी स्वतःचाच निष्कर्ष पाडून पाहिला. बाहेरून बघणाऱ्याला या महिन्यांत काहीच घडत नाही. घरच्यांना तर नाहीच नाही.

आमच्या मते त्यातला सर्वांत देखणा प्रयोग यीस्टचा. यीस्टच्या टोकांचा क्रम वेगळा असतो. तसा तुकडा टेट्राहायमेनाच्या अर्कात घातला. समोरच्याची नुसती नक्कल होत असती, तर यीस्टचीच अक्षरं वाढली असती. वाढली ती टी टी जी जी जी जी! म्हणजे काय जोडायचं ते त्या तुकड्यावर लिहिलेलं नव्हतं, ते दुसरीकडून येत होतं. डिसेंबर १९८५ मध्ये 'सेल' या नियतकालिकात निबंध आला. त्याच एन्झाइमला आज आपण टेलोमरेज म्हणतो. त्यासाठी २००९ चं नोबेल ग्रायडर, ब्लॅकबर्न आणि जॅक शोस्टाक यांना मिळालं.

पण "दुसरीकडून" म्हणजे कुठून? आरएनए तोडणारं एन्झाइम अर्कात घातलं आणि काम ठप्प झालं. म्हणजे टेलोमरेज आपला मजकूर आरएनएच्या रूपात स्वतःबरोबरच बाळगतं. हा निबंध १९८७ चा, आणि ग्रायडरची पीएच.डी.ही त्याच वर्षीची. तो आरएनए नेमका कोणता, हे मात्र प्रबंधाच्या काळात हाती लागलं नाही. ती पुढे कोल्ड स्प्रिंग हार्बरला गेली, आणि १९८९ मध्ये तो सापडला: १५९ अक्षरांचा, आणि त्यात सी ए ए सी सी सी सी ए ए, म्हणजे त्या सहा अक्षरांचा साचा.

हं, मागच्या रांगेत हात वर आहे. विचारा.