पाणथरी जागेवर नसते तेव्हा

तिशीतली बाई, दोन बाळंतपणं झालेली. ओटीपोटात गाठ लागते, दुखणं येतं आणि जातं. अशा वेळी डॉक्टरांच्या मनात आधी बीजकोषाची गाठ येते, मग फायब्रॉइड. पाणथरीचा, म्हणजे प्लीहेचा, संशय सहसा कुणाला येत नाही. तिची जागा डावीकडे नवव्या ते अकराव्या बरगडीच्या आड. ती ओटीपोटात कशाला येईल?

क्वचित येते. प्लीहेला जठराशी आणि डाव्या मूत्रपिंडाशी जखडणारे बंध काहींच्या बाबतीत गर्भातच नीट तयार होत नाहीत, तर काहींचे गरोदरपणात किंवा वाढलेल्या पाणथरीच्या वजनाने सैल पडतात. मग ती रक्तवाहिन्यांच्या लांब देठावर लोंबकळत पोटात फिरते. याला ‘वाँडरिंग स्प्लीन’ म्हणतात. लहान मुलांतही हा विकार आढळतो.

धोका देठाला पीळ पडण्याचा. आधी पातळ भिंतीची शीर दबते. रक्त आत येत राहतं, बाहेर पडत नाही; पाणथरी फुगते, कळा येतात. पीळ घट्ट झाला की धमनीही बंद होते आणि अवयव मरू लागतो. पण कधी पीळ आपोआप सुटतो! रात्री तळमळणारा पेशंट सकाळी ठणठणीत, रक्ताच्या तपासण्यांतही ठोस काही नाही. मग ‘गॅस झाला असेल’ म्हणून बोळवण होते.

अनुभवी बोटांना मात्र दोन खुणा सापडू शकतात. गाठीच्या कडेला खाच लागते, कारण प्लीहेची एक कड मुळातच खाचदार असते. आणि गाठ डाव्या बरगड्यांकडे सरकवली तर दुखत नाही, इतर दिशांना ढकलली की दुखते. यंत्राशिवाय एवढं सांगणारी तपासणी मला तरी फार देखणी वाटते.

सोनोग्राफीत नुसती गाठ पाहून भागत नाही, डाव्या बरगड्यांखाली काय आहे हेही पाहावं लागतं. तिथे आतड्याची वेटोळी दिसली, पूर्वी प्लीहा काढल्याचा व्रणही नसला, तर शोध योग्य दिशेला लागतो. डॉप्लरने रक्तप्रवाह कळतो. सीटी स्कॅनमध्ये पीळ पडलेल्या वाहिन्यांचा भोवरा दिसतो.

पाणथरी जिवंत असेल तर ती जागेवर आणून शिवतात. पोलिश सर्जन लुडविक रिडिगियर यांनी ही शस्त्रक्रिया 1895 मध्ये केली होती. आज ती दुर्बिणीने, जाळी वापरूनही होते. मेलेली पाणथरी काढावीच लागते. त्यानंतर काही जंतूंशी लढण्याची ताकद घटते, म्हणून न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस आणि हिमोफिलस इन्फ्लुएंझा बी यांविरुद्धच्या लशी देतात.