हा, ही आणि भाड्याची खोली

'अशी ही बनवाबनवी' १९८८ साली पडद्यावर आला. त्यानंतर साडेतीन दशकं उलटली, तरी त्यातली वाक्यं लग्नाच्या पंगतीपासून ऑफिसच्या व्हॉट्सअॅप गटापर्यंत कुठेही कानावर पडतात. लिंबू कलरची साडी आणि वारलेले सत्तर रुपये कळायला आता चित्रपट पाहिलेला असण्याचीही गरज उरलेली नाही. एवढ्या लाडक्या कलाकृतीची फेरतपासणी करणं म्हणजे घरच्या म्हाताऱ्याचं वजन करण्यासारखं वाटतं. पण जुना विनोदी चित्रपट आजही हसवतो का, या प्रश्नाचं उत्तर प्रेमाने मिळत नाही. त्यात नेमकं कशाला हसायचं आहे, ते आधी शोधावं लागतं. 'बनवाबनवी'चं वर्णन सहसा 'पुरुष बायकांची सोंगं घेतात तो सिनेमा' असं केलं जातं. ते अपुरं आहे. या चित्रपटातलं हसू साडीतून येत नाही, ते येतं घरमालकाच्या अटीतून. लीलाबाई काळभोरांना भाडेकरू हवेत ते विवाहितच. ही अट पाळण्यासाठी चार पुरुषांनी रचलेलं खोटं आणि ते टिकवताना होणारी त्यांची दमछाक, यावर सगळा डोलारा उभा आहे. जिथे ही सक्ती जाणवते तिथे चित्रपट आजही ताजा वाटतो, आणि जिथे तिचा विसर पडतो तिथे त्याचं वय दिसू लागतं.

आधी घराचं पाहू. लीलाबाईंच्या आधीचे घरमालक विश्वासराव सरपोतदार हे पात्र सुधीर जोशींनी असं उभं केलं आहे की पुढच्या पिढ्यांना घरमालक म्हटलं की त्यांचाच चेहरा आठवावा. मधुमेहाचं औषध इस्राईलहून येणार, या भरवशावर त्यांनी सत्तर रुपये दिलेले असतात. एका माणसाला दिलेल्या खोलीत चार माणसं राहताना पाहून त्यांच्या जिवाची जी तगमग होते, ती आज निव्वळ चिक्कूपणाची वाटेल. त्या काळात तिला कायद्याची पार्श्वभूमी होती. मुंबई भाडे नियंत्रण कायदा १९४७चा. त्यात प्रमाणभाड्याचा पाया होता १ सप्टेंबर १९४०ला चालू असलेलं भाडं. घरात शिरलेला भाडेकरू बाहेर काढायचा तर कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागत. त्यात १९७३च्या दुरुस्तीने, त्या वर्षीच्या १ फेब्रुवारीला 'लीव्ह अँड लायसन्स'वर राहत असलेल्यांनाही भाडेकरूचं संरक्षण दिलं. म्हणजे तात्पुरता म्हणून आलेला माणूस एका फटक्यात कायमचा झाला. भाडं गोठवून ठेवणाऱ्या या तरतुदी आता न्याय्य राहिलेल्या नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं ते १९९७ साली, आणि महाराष्ट्राचा नवा भाडे नियंत्रण कायदा अमलात आला तो ३१ मार्च २००० रोजी. चित्रपट या सगळ्याच्या आधीचा आहे. भाडं ठरवणं हातात नाही आणि भाडेकरूला घालवणंही हातात नाही, अशा मालकाच्या हाती एकच अधिकार उरतो : दारात उभ्या माणसाला निवडण्याचा. अटी जन्माला येतात त्या या अधिकारातून. पुण्यात कोणी नोकरीला आलेला, कोणी शिकायला, कोणी नुसताच आसऱ्याला. अशा चौघांना मिळून एक छप्पर हवं असतं आणि त्यांच्यापाशी मंगळसूत्र नसतं. चित्रपटात भाड्याचं भाषण कोणी ठोकत नाही, कायद्याचं नावही निघत नाही. पण कथेला धक्का देणारी पहिली गोष्ट प्रेम नाही आणि पैसाही नाही, ती आहे जागा. मराठी मध्यमवर्गाच्या काळजीला इतका अचूक हात घालणारे विनोदी चित्रपट फार नाहीत.

आता, ही कल्पना काही मूळची मराठी नाही. हृषीकेश मुखर्जींचा 'बीवी और मकान' १९६६ला आला होता आणि त्याच्याही मागे 'जय मा काली बोर्डिंग' हा १९५५चा बंगाली चित्रपट आहे. हे समजलं की काही जणांचा उत्साह मावळतो. उसनवारीचा माल, त्याचं कौतुक किती करायचं? पण वसंत सबनीसांनी या सांगाड्यावर चढवलेली मराठी पाहिली, तर उसनवारीचा हिशेब फार काळ टिकत नाही. एक साधी गोष्ट घ्या. बंगालीत क्रियापदाला लिंग नाही. 'मी जातो' आणि 'मी जाते' हा भेद त्या भाषेला माहीतच नाही. तिथे बाईचं सोंग घेणाऱ्या पुरुषाने आवाज आणि पदर सांभाळला की निम्मं काम झालं. हिंदीत 'जाता' आणि 'जाती' आहेत, म्हणून तिथे धोका वाढतो. मराठीत तर तोंड उघडलं की धोका. स्वतःबद्दल बोलताना क्रियापद, बायकोबद्दल बोलताना सर्वनाम, तिच्याशी नातं सांगताना 'माझा' की 'माझी' : प्रत्येक शब्दाच्या शेपटीला लिंग लटकलेलं. त्यामुळे साडीतल्या सोबत्याची, म्हणजे पार्वतीची, बायको म्हणून ओळख करून देताना धनंजयच्या तोंडून 'ही'च्या जागी 'हा' निसटतो, तेव्हा ती केवळ जीभ घसरलेली नसते. व्याकरणाने त्याला पकडलेलं असतं. धनंजय झालेले अशोक सराफ हा क्षण ज्या वेगाने सावरून घेतात त्यात सबनीसांची तालीम दिसते. 'विच्छा माझी पुरी करा' लिहिणाऱ्या माणसाला वगातली बतावणी रक्तात भिनलेली होती. तिथे प्रश्नाच्या शेपटीवर उत्तर पडायला हवं, आणि उत्तर चुकलं तर ती चूकसुद्धा तालात हवी. हा विनोद अनुवादात मरतो, आणि तो जुना होत नाही याचंही कारण तेच. मराठी बोलणाऱ्याला लिंग सांभाळावंच लागतं, १९८८मध्येही आणि आजही.

मुख्य आक्षेप अर्थातच साडीवरचा आहे. पुरुषाने बाईचं सोंग घेणं हेच हास्यास्पद मानायचं, तर त्यात बाईपणाची आणि लिंगभावाच्या चौकटीबाहेर जगणाऱ्यांची टिंगल होते, असं आज म्हटलं जातं. मराठीतल्या अनेक विनोदी कार्यक्रमांना ते तंतोतंत लागू आहे. तिथे पुरुषाला साडी नेसवली की लेखकाचं काम संपतं. 'बनवाबनवी'चा वेगळेपणा कळायला मागची परंपरा लक्षात घ्यावी लागते. गौळणीतली मावशी पुरुषच रंगवतो. संगीत रंगभूमीने बालगंधर्वांच्या रूपात स्त्रीभूमिका करणाऱ्या पुरुषाला देव्हाऱ्यात बसवलं. 'चार्लीज आंट'वरून अत्र्यांनी बेतलेल्या 'मोरूची मावशी'त विजय चव्हाणांनी ऐंशीच्या दशकात धमाल उडवून दिली होती. या परंपरेत दोन टोकं आहेत, एक लालित्याचं आणि एक धिंगाण्याचं. चित्रपटाने ती दोन्ही एकाच घरात आणून ठेवली. सचिन पिळगावकरांची सुधा नजाकतीने वावरते, तर लक्ष्मीकांत बेर्डेंच्या परश्याची पार्वती बाई दिसण्याचा प्रयत्नही अर्धवटच करते. तिचा खांदा पुरुषाचा, चाल पुरुषाची, वैतागही पुरुषाचा. तरी लीलाबाईंना शंका येत नाही, आणि हे पटत नाही अशी तक्रार होत असते. मला तीच चित्रपटातली सर्वांत तिखट जागा वाटते. लीलाबाई बाई तपासत नाहीत, त्या लग्न तपासतात. कुंकू आहे, मंगळसूत्र आहे, नवरा शेजारी उभा आहे. अट पुरी झाली. त्यापलीकडे बघण्याची गरज व्यवस्थेला वाटत नाही. पुढे पार्वतीचे डोहाळे पुरवले जातात, तेव्हा खोट्या लग्नातून खोटं मूलही निघतं, आणि ज्या घरात सड्या पुरुषाला थारा नव्हता तिथे त्याच पुरुषाची ओटी भरण्याची वेळ येते. इथे हसू बाईवर नाही, मान्यतेच्या शिक्क्यावर आहे.

मात्र हा बचाव सगळ्या चित्रपटाला पुरत नाही. सुधाच्या रूपातला सुधीर मनीषाच्या जवळ जातो. एका तरुणीने बाईवर टाकलेला विश्वास इथे प्रेमकथेचं भांडवल होतो. घरासाठी खोटं बोलणं आणि मुलीच्या जवळ जाण्यासाठी ते चालू ठेवणं यात फरक आहे. पहिल्यात सक्ती आहे, दुसऱ्यात सोय आहे. चित्रपटाला हा फरक जाणवत नाही. तो एक गाणं वाजवतो आणि पुढे सरकतो. त्या काळी असंच चालायचं, हे खरं असलं तरी उत्तर म्हणून लंगडं आहे, कारण याच चित्रपटात माधुरी आहे. दुकानाची मालकीण, धनंजयची वरिष्ठ. अश्विनी भावेंनी तिला जो रुबाब दिला आहे त्याने दृश्याचा तोल तिच्या बाजूला झुकतो आणि धनंजयच्या थापा तिच्यासमोर केविलवाण्या होतात. म्हणजे बाईला हातचं बाहुलं न करता विनोद साधता येतो, हे चित्रपटालाच ठाऊक होतं. मनीषा आणि सुषमा यांच्या वाट्याला मात्र फसणं आणि मग माफ करणं एवढंच आलं. उत्तरार्धात बळीसारखा खलनायक आणावा लागतो, मारामारी येते, तिथेही तीच अडचण. अट मागे पडलेली असते आणि ताण बाहेरून आणावा लागतो. विजू खोट्यांसारखा नटही तिथे फार काही करू शकत नाही.

आणखी एक शंका उरते. आपण चित्रपटाला हसतो की चित्रपट पाहून हसलेल्या आपल्याच आठवणीला? मीम्सच्या जमान्यात ही शंका रास्त आहे. पण गाजलेली वाक्यं काढून पाहा. अमुक माणूस इथेच राहतो का, या चौकशीत स्वतःचा असा विनोद काडीचाही नाही. दारात आलेला परश्या तेच विचारतो. ते वाक्य हसवतं, कारण त्या पत्त्यावर नक्की किती जण राहतात हे मालकापासून लपवायचं आहे आणि विचारणारा तर मोठ्याने ओरडतो आहे. कोटी नुसती पाठ करता येते, पण परिस्थितीतला विनोद आठवायचा तर सोबत परिस्थितीही आठवावी लागते. आणि ती आठवायला लोकांना कष्ट पडत नाहीत, कारण पुण्यात खोली शोधणाऱ्या अविवाहितांना 'फक्त फॅमिली' हे दोन शब्द आजही भेटतात. शिवाय आहार, जात, धर्म, रात्री परतण्याची वेळ, येणारे मित्र-मैत्रिणी, अशा अटींची भर पडली आहे. चांगल्या जुन्या विनोदात काळाने आपल्या बाजूने भर घालावी, ही सरपोतदारांची मिळकतच म्हणायची.

बदललं आहे ते कागदाचं. लीलाबाई माणसं पाहून जागा देतात. आज अकरा महिन्यांचा करार ऑनलाइन नोंदवला जातो, त्यावर अंगठ्याचा ठसा घेतला जातो, पोलिसांकडे भाडेकरूची माहिती जाते आणि सोसायटीचे सचिव घरात राहणाऱ्या प्रत्येकाचं आधार कार्ड मागतात. परश्याने पदर कितीही नीट घेतला असता, व्याकरण एकदाही चुकवलं नसतं, तरी कार्डावर छापलेल्या 'पुरुष' या शब्दाने त्याला फाटकापाशीच थोपवलं असतं. अट तीच राहिली, फक्त ती चुकवायला आता नट पुरे पडणार नाही.