खवय्या: गवय्याचा भाऊ

नागपुरात सकाळी तर्री-पोह्यांच्या ठेल्यावर उभे राहा. पोह्यांवर हरभऱ्याच्या रश्शाची लालभडक तर्री पडते आणि कुणीतरी हमखास म्हणतो, "भाऊ, थोडी तर्री अजून टाका ना!" अशा माणसाला आपण खवय्या म्हणतो, खादाड नव्हे. खादाडाला पोट भरायचे असते, खवय्याला चव हवी असते.

या शब्दाचे मूळ संस्कृत 'खाद्' धातूत आहे. महाराष्ट्री प्राकृतात दोन स्वरांमधली अनेक व्यंजने झिजून गेली. 'पाद'चा जसा 'पाय' झाला, तसा 'खादति'चा 'खाइ' झाला आणि मराठीला 'खा' मिळाला. 'खाद्य' आपण थेट संस्कृतातून घेतला, म्हणून त्यातला 'द' शाबूत राहिला. 'खा'वरून खवय्या, तसा 'गा'वरून गवय्या. हिंदीत हीच जोडी खवैया-गवैया अशी आहे. १९५६पर्यंत मराठी-हिंदी मुलखाची राजधानी राहिलेल्या नागपुरात दोन्ही उच्चार शेजारी नांदतात.

आता तर्रीकडे वळू. मिरचीतले कॅप्सेसिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात विरघळते. म्हणून रश्शाचा जाळ वरच्या तवंगात, म्हणजेच तर्रीत साठतो. शास्त्राच्या दृष्टीने तिखट ही चव नाहीच. गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी स्वादकलिकांना कळतात. तिखट मात्र चेतातंतूंवरच्या 'टीआरपीव्ही१' या ग्राहीला कळते. हा ग्राही एरवी सुमारे ४३ अंश सेल्सिअसच्या वर जागा होतो. कॅप्सेसिन त्याला आधीच जागवते आणि मेंदूला तोंड भाजल्यासारखे वाटते. हा ग्राही १९९७मध्ये उलगडणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना २०२१च्या वैद्यकशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला.

तिखट वरचेवर खाल्ले की या चेतातंतूंची संवेदना मंदावते. म्हणून नागपूरच्या झणझणीत सावजी रश्शाची सवय असलेला माणूस जाळ सोसून मसाल्यांचा गंधही टिपतो. घास चावताना हा गंध घशामागून नाकात चढतो आणि चवीला पूर्णत्व येते.

गवय्याचा कान रियाजाने तयार होतो, तशीच खवय्याची जीभ घासाघासाने तयार होते. पहिल्या तर्रीला लेकराच्या डोळ्यांत पाणी आले, तर त्याला पाणी पाजू नका, दही द्या. दह्यातले केसिन हे दुधाचे प्रथिन कॅप्सेसिनला धरते आणि आग शमते. पुढच्या वेळी चमचाभरच तर्री वाढा. त्याचा रियाज सुरू झाला आहे.